चंद्री आणि चौदा झाडे

उन्हाळ्यात हवा खायला लोक महाबळेश्वरला जातात, माथेरानला जातात. ज्यांना तेवढे झेपत नाही ते कोकणात आत्याकडे जातात. घाटनांदूरला हवा खायला गेल्याचे मी तरी कुणाचे ऐकलेले नाही. बीड जिल्ह्याच्या अंबाजोगाई तालुक्यातले हे गाव. वैशाखात तिथली हवा खायची नसते, सोसायची असते. पण माझ्या आईचे माहेर तिथले. आणि आजोळ म्हटले की हवेचा प्रश्न येतोच कुठे? परीक्षेचा शेवटचा पेपर झाला की आमच्या पुण्याच्या घरात वळकट्या बांधायला सुरुवात होई.

पुण्याहून घाटनांदूर गाठणे म्हणजे त्या काळी एक यात्राच होती. मोठ्या गाडीने कुर्डुवाडीपर्यंत जायचे आणि तिथे बार्शी लाईटच्या छोट्या गाडीत बसायचे. रुळांतले अंतर अवघे अडीच फूट. १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झालेली ही लाईन १९११ साली लातूरला पोचली होती. चढ लागला की ती इतकी सावकाश चाले, की बाभळीवरची सुगरणीची घरटी आम्ही भावंडे मोजून घेत असू आणि मोजणीवरून भांडायलाही वेळ मिळत असे. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होते. तिथून एस. टी. ने तीसेक किलोमीटरवरच्या लातूर रोड स्टेशनावर यायचे आणि हैदराबादकडून परळीला जाणारी गाडी पकडायची. पानगाव गेले की आई केसांवरून हात फिरवून पदर नीट करू लागे. पुढचे स्टेशन घाटनांदूर!

स्टेशनाबाहेर मामांची दमणी उभी असे, आणि दमणीच्या शेजारी चंद्री.

चंद्री म्हणजे मामांची घोडी. रंग कुमैत, कपाळावर रुपयाएवढा पांढरा चांद, त्यावरून हे नाव. उंचीला बेताची, पण पाय लोखंडासारखे. शर्यतीची उंच, गुळगुळीत घोडी पाहिलेले आमचे एक पुणेकर काका तिला तट्टू म्हणाले होते. मामांनी त्यांना शांतपणे विचारले, "पावसाळ्यात काळ्या रानातून चार मैल नेईल का हो तुमचं ते रेसचं घोडं?" काका गप्प बसले. मामा चार मैलांवरच्या खेड्यात प्राथमिक शाळेचे मास्तर होते. पाऊस पडला की तिथल्या काळ्या मातीचा लोणा होतो. सायकलीचे चाक दहा पावलांत गच्च भरते आणि मग सायकलच माणसाच्या खांद्यावर बसते. अशा रस्त्याला घोड्याखेरीज वाहन नाही. चौदा वर्षे चंद्रीने मामांना शाळेत वेळेवर पोचवले होते. त्या शाळेची घंटा मुळी तिच्या टापा ऐकूनच वाजते, असे मामी म्हणायची.

या घोड्यांची कुळी दख्खनी. भीमेच्या खोऱ्यावरून त्यांना भीमथडी म्हणतात. मराठ्यांच्या फौजा याच काटक, थोड्या चाऱ्यावर राहणाऱ्या जनावरांवर दौडल्या. आमच्या आजोळच्या बाजूला घोड्यांचे आणखी एक पान इतिहासात आहे. अंबाजोगाईला निजामाच्या राजवटीत मोमिनाबाद म्हणत आणि तिथे हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. १९०३ साली कंटिंजंट हिंदुस्थानी लष्करात मिसळून टाकली गेली आणि तिचे वेगळेपण संपले. घोडदळ गेले, पण घोड्यांचा नाद त्या मुलखात मागे राहिला. मार्गशीर्षात नांदेड जिल्ह्यात माळेगावला खंडोबाची जत्रा भरते. तिथल्या घोडेबाजाराच्या गोष्टी आजोळी लोक अशा सांगत, जशा आपण नाटकांच्या सांगतो.

सकाळी पहिले काम चंद्रीचा खरारा. मामा ब्रश आणि खरारा घेऊन तिची पाठ घासत आणि मी पायाशी बसून खूर पाहत असे. खुरात खडा अडकला तर तो कसा काढायचा, हे मला दहाव्या वर्षी येत होते. भाकरी मात्र गोल येत नव्हती. मग तोबऱ्यात भिजवलेले हरभरे भरून तो तिच्या तोंडाला बांधायचा. आत तिचे दात कुरुमकुरुम वाजत आणि तोबऱ्याच्या वर तिचे डोळे आपल्याकडे असे पाहत, की जणू जेवता जेवता आपले बोलणे ऐकत आहे. तिच्या गळ्याखाली केसांचा एक भोवरा होता. त्याला देवमण म्हणतात आणि तो शुभ, असे आजी सांगायची. मामा शास्त्रशुद्ध विचारांचे. ते म्हणत, "भोवऱ्याचं मला माहीत नाही, पण हिच्या गळ्याखाली हात ठेवला की रक्तदाब उतरतो."

चंद्रीइतकेच मामांचे दुसरे वेड म्हणजे मळा. गावापासून अर्ध्या मैलावर विहीर, विहिरीवर मोट आणि मोटेखाली दीड एकराचा बागायती तुकडा. रखरखीत माळ तुडवत तुम्ही येता, डोळे उन्हाने मिटलेले असतात, आणि एकदम नाकाला ओल्या मातीचा वास लागतो. मग डोळे उघडावेत तो समोर हिरवेगार! मोसंबीची चाळीस झाडे ओळीने उभी. बांधावर तीन आंबे. त्यांतल्या एकाला आजी शेपू आंबा म्हणायची, कारण पिकल्यावरही त्याला शेपूचा मंद वास येई. पाटाच्या दोन्ही अंगांना माळवे: वांगी, भेंडी, गवार, दोडके. कडेला मामीचा मोगरा आणि लिंबाचे एक झाड. विहिरीच्या वर खडकाळ उताराला सीताफळीची रानटी झाडे. त्यांना कुणी पाणी देत नसे आणि ती कुणाकडे मागतही नसत.

उन्हाळ्याच्या शेवटच्या दिवसांत या मळ्याला ऊत येई. रोहिणी निघाल्या की आंब्याची आढी लागे. घरात पाय ठेवायला जागा नसे. माजघरात आंबे, पडवीत कांदे, ओसरीवर कुरडया. वांग्यांना तर सुमारच नसे. सकाळी वांग्याची भाजी, संध्याकाळी भरीत, आणि मधल्या वेळी शेजारणीला वाटायला वांगी. दुसऱ्या दिवशी शेजारीण आपली वांगी आम्हाला आणून देई. मोटेचे बैल धावेवरून मागे सरत, मोट बुडे, पुन्हा पुढे जात, आणि थारोळ्यात पाणी धबधबा कोसळे. त्या पाण्यात आम्ही बसत असू आणि पाटाच्या तोंडाशी चंद्री मान घालून पाणी पीत असे. घोडे पाणी पिते ते ओठांनी, अगदी आवाज न करता. तिच्या गळ्यातून घोट उतरताना मोजायचे आणि कोण बरोबर सांगतो ते पाहायचे, हा आमचा खेळ.

मामा म्हणत, मळा आणि घोडी ही दोन नाहीत, एकच आहे. लीद ताजी घातली तर रोपे जळतात. खड्ड्यात कुजवून घातली तर सोने. चंद्री मळ्याला खत देई, मळा चंद्रीला हराळी आणि गाजरे देई. मोसंबीला मात्र उन्हाळ्यात मुद्दाम तहानेलेले ठेवायचे असते. त्याला ताण देणे म्हणतात. पाणी तोडले की पाने गळतात, झाड थकल्यासारखे दिसते आणि मृगाचा पाऊस पडला की एकदम फुलून येते. तो मृग बहार. "झाडालासुद्धा थोडी उपासमार लागते, भाचीबाई," मामा सांगत. ते शिक्षक असल्यामुळे प्रत्येक गोष्टीतून काही तरी शिकवत. आम्ही ऐकून घेत असू, कारण त्यानंतर चंद्रीवर बसायला मिळे.

नाल बदलायला तिला अंबाजोगाईला न्यावे लागे. वाट सुमारे वीस किलोमीटरांची. मामा मला पुढे बसवून पहाटे निघत. बालाघाटच्या त्या उघड्या पठारावर पहाटेचा वारा मात्र खरोखर खाण्यासारखा असतो. नालबंदाकडे चंद्रीला सोडून आम्ही योगेश्वरीच्या दर्शनाला जात असू. कोकणस्थांची ही कुलदेवी कोकण सोडून इथे मराठवाड्यात कशी, असे मी विचारले की मामा म्हणत, "लग्न करून लोक कुठं कुठं जातात!" पुढे मुकुंदराजांच्या समाधीकडे चालत जायचे. मराठीतला 'विवेकसिंधु' शके १११० चा, म्हणजे ११८८ सालचा मानतात; ज्ञानेश्वरीच्या शंभर वर्षे आधीचा. मग दासोपंत. त्यांनी चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद कापडावर ग्रंथ लिहिला, ती पासोडी अजून जपलेली आहे. कागद न मिळाल्याने माणसाने कापडावर लिहिले असेल का, हा माझा बालप्रश्न. मामांचे उत्तर असे: "जे आहे त्यावर लिहावं. नाही त्याची वाट बघू नये."

हे वाक्य मामांना पुढे वेगळ्याच कामाला उपयोगी पडायचे होते.

१९७२ साली आई बाळंतपणाला माहेरी आली, म्हणून त्या वर्षी आमचा मुक्काम जुलैअखेरपर्यंत लांबला. मृग लागला. आढी संपली, कांदे चढले, बियाणे निवडून झाले. मोसंबी ताणावर उभी होती, आणि सारा गाव पश्चिमेकडे तोंड करून बसला होता. ढग येत, सावली धरत आणि निघून जात. मृग गेला, आर्द्रा गेली. आदल्या दोन वर्षांतही पावसाने हात आखडला होता. मोट तळाला घासू लागली. तिचा आवाज बदलला, हे आम्हा मुलांनाही कळले. मोसंबीचा ताण तोडायला पाऊस आलाच नाही. जे पाणी होते ते पाळीपाळीने देऊन मामांनी झाडे कशीबशी हिरवी ठेवली. माळवे मात्र एका आठवड्यात वाळून गेले. आम्ही पुण्याला परतलो तेव्हा चंद्रीच्या बरगड्या मोजता येत नव्हत्या, पण दिसू लागल्या होत्या.

पुढचे मला मामीकडून कळले. त्या वर्षी महाराष्ट्रात खरीप गेले, रब्बीही गेले. कडब्याला पैसे मोजूनही कडबा मिळेना. बैल छावणीत ठेवता आले. घोड्याला छावणी कसली! बैल शेतकऱ्याचा, घोडा हौशीचा, असा हिशेब. मार्गशीर्षात मामा चंद्रीला घेऊन पायी माळेगावला गेले. जाताना घरात कुणी बोलले नाही. सातव्या दिवशी ते परत आले तेव्हा दावे त्यांच्या हातात होते आणि दाव्याला चंद्री होती.

"किंमत आली नाही," मामा म्हणाले.

मामीने त्यांना जेवायला वाढले. किंमत आली होती, हे तिला बरोबर गेलेल्या सालगड्याने आधीच सांगितले होते. तिने ते मामांना कधी कळू दिले नाही. मला सांगितले ते मामा गेल्यावर.

१९७३ च्या मे महिन्यात मी पुन्हा गेले. मी बारा-तेरा वर्षांची होते. स्टेशनावर दमणी नव्हती, कारण बैल नव्हते. मामा एकटेच चालत आले होते. वाटेत दुष्काळी कामावर माणसांची रांग दिसली. बायका खडी फोडत होत्या आणि त्यांच्यात मामांच्या शाळेतली चौथीची दोन पोरे होती. "नमस्कार गुरुजी," ती म्हणाली. मामांनी नमस्कार घेतला, पण पुढे अर्धा मैल ते काही बोलले नाहीत. त्या मे महिन्यात राज्यभर दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती, हा आकडा मी पुष्कळ वर्षांनी वाचला. वाचताना मला ती दोन पोरेच दिसली.

मळ्यात आले आणि मला रडू आले. विहिरीचा तळ दिसत होता. चाळीस मोसंबींपैकी बहुतेक काटक्या झाल्या होत्या. पण चौदा झाडे निराळी दिसत होती. त्यांच्या फांद्या निम्म्याहून अधिक छाटलेल्या, खोडांना चुना फासलेला, बुंध्याशी पालापाचोळ्याचा जाड थर, आणि प्रत्येक बुंध्याजवळ मातीत गळ्यापर्यंत पुरलेली दोन मडकी. मडक्याच्या बुडाला बारीक भोक पाडून त्यात चिंधीची वात घातली होती. पाणी थेंबाथेंबाने थेट मुळाशी जात होते, उन्हाला एक थेंब मिळत नव्हता.

आणि ते पाणी आणत होती चंद्री.

दीड मैलावर एका भल्या शेतकऱ्याच्या विहिरीला झरा शिल्लक होता. त्याने गावाला पाणी नाही म्हटले नाही; फक्त रांग लावा म्हणाला. मामांनी खोगिरावर लाकडी चौकट बसवली होती. दोन्ही अंगांना दोन-दोन घागरी राहत. रात्री तीन वाजता रांगेत उभे राहायचे आणि उजाडेपर्यंत तीन खेपा करायच्या. बारा घागरी पाणी. त्यातल्या तीन चंद्रीला लागत. उन्हाळ्यात घोड्याला दिवसाला चाळीसेक लिटर पाणी लागते. दोन घरात. उरलेल्या सात मळ्यात. चौदा झाडे, सात घागरी. म्हणजे दर झाडाला दिवसाआड एक घागर. हे गणित मामांनी भिंतीवर कोळशाने मांडून ठेवले होते.

"चौदाच कामून?" मी विचारले.

"घोडी तेवढंच पाणी आणू शकते," मामा म्हणाले. "पंधरावं झाड जगवायला गेलो, तर सगळीच अर्धपोटी मरतील."

कोणती चौदा, हे ठरवायला त्यांना तीन दिवस लागले होते. हातात चुन्याची बादली घेऊन ते ओळीतून फिरत. एका झाडाला खूण करत, पुन्हा पुसत. वयाने तरुण, मुळाने खोल, विहिरीच्या बाजूची झाडे त्यांनी धरली. आजोबांनी स्वतः लावलेले पहिले झाड म्हातारे होते. ते त्यांनी सोडले. मामी काही बोलली नाही. तिने मोगरा सोडला होता, पण आपल्या वाटणीच्या घरच्या पाण्यातून भांडी विसळलेला तांब्याभर ती रोज लिंबाला नेऊन ओती. तो हिशेब भिंतीवर नव्हता.

त्या दिवसांत घरात एक नियम झाला. कुणीही आले तरी पाणी अर्धा तांब्या द्यायचे. लागले तर पुन्हा द्यायचे, पण भरलेला तांब्या उष्टा टाकायचा नाही. मी रोज पहाटे मामांबरोबर जाऊ लागले. अंधारात चंद्री आपली आपण वाट चाले. घागरी डुचमळू नयेत म्हणून तिने दुडकी चाल सोडून दिली होती. पाय जपून, एकेक उचलून टाकत असे. हे तिला कुणी शिकवले नव्हते. पंधरा वर्षांची घोडी म्हणजे उतारवयच. परतताना उजाडले की तिच्या पाठीवर खोगिराने पडलेले घट्टे दिसत. मामा तिथे खोबरेल चोळत आणि तिच्याशी बोलत. शाळेतल्या मुलांशी बोलावे तसेच, अहो-जाहो न करता पण मान ठेवून.

१९७३ साली पाऊस वेळेवर आला. पहिल्या सरीत मामी अंगणात उभी राहून भिजली. एरवी ती आम्हाला सर्दी होईल म्हणून आत ओढायची. चौदांतली अकरा झाडे जगली. लिंबही जगले. त्या वर्षी दिवाळीला मामांचे पत्र आले. विहीर भरली, माळवे पुन्हा लावले, वांग्यांना सुमार नाही, सीताफळीला इतकी फळे की उतारावर जागा नाही. पत्राच्या शेवटी एक ओळ होती: चंद्री दुडकी चालू लागली.

ती आणखी सहा वर्षे जगली आणि १९७९ च्या भाद्रपदात ठाणावरच शांतपणे गेली. मामांनी तिला मळ्यातच पुरले. तोवर शाळेला जायला सडक झाली होती आणि मामांनी दुसरे घोडे घेतले नाही.

आता मीच पासष्टी ओलांडली आहे. घाटनांदूरचे स्टेशन आहे, गाड्याही जातात. बार्शी लाईटची ती छोटी लाईन रुंद झाली. त्याच रुळांवरून १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची गाडी तहानलेल्या लातूरला आली. दहा वाघिण्यांत पाच लाख लिटर पाणी. त्याआधी २०१३ साली पाणी नाही म्हणून परळीचे वीजकेंद्रच बंद ठेवावे लागले होते. बोअर खोल गेले, पाणी त्याहून खोल गेले. मामेभावाने मोसंबी पुन्हा लावली नाही. त्याने मामांच्या खडकाळ उतारावर सीताफळाची बाग केली, कारण ते झाड पावसावर निभावते. अंबाजोगाईला सीताफळाचे संशोधन केंद्रच आहे आणि बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. भीमथडी घोड्याला तर अगदी अलीकडे स्वतंत्र जात म्हणून सरकारी मान्यता मिळाली आहे. काकांनी तट्टू म्हटलेल्या चंद्रीचे नाव शेवटी दप्तरी लागले म्हणायचे!

योगेश्वरीच्या दर्शनाला अंबाजोगाईला गेलात, तर वीस किलोमीटर आणखी या. आश्विनात या, सीताफळे डोळे उघडत असतात तेव्हा. मळ्यात मोट नाही, घोडीही नाही. पण भावाच्या घरी तुम्हाला पाणी मिळेल. तांब्या अर्धाच असेल. राग मानू नका. लागले तर तो पुन्हा देईल.